संगणक जोडावा की तयार आणावा: एका डीटीपीवालीचा हिशेब

२०२२ सालच्या नवरात्राच्या आदल्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन दिवाळी अंक होते. एकाची १६८ पानं लागून झाली होती, दुसऱ्याच्या जाहिराती अजून यायच्या होत्या. दुपारी वीज गेली, पाच मिनिटांनी आली आणि संगणक काही सुरू होईना. पंखा फिरेना, दिवा लागेना. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, तो माझाच आळस.

पुण्याच्या नारायण पेठेत मी पंचवीसेक वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम, करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, पुस्तकांची मांडणी आणि सप्टेंबर आला की दिवाळी अंक. त्यामुळे एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा, उडालाय एवढं लगेच कळलं. मशीन एका नावाजलेल्या कंपनीचं, बारीक बांध्याचं. त्यातला एसएमपीएस लांबट-चपटा आणि मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डाला, जाणारा त्याचा कनेक्टरही भलताच. तो पिशवीत घालून मी तपकीर गल्लीतली संगणकाच्या भागांची सहा दुकानं फिरले. प्रत्येकानं उलटासुलटा करून पाहिला आणि परत हातात दिला. वॉरंटी मार्चमध्येच संपली होती. कंपनीच्या सेंटरमधून पार्ट यायला अकरा दिवस लागले. तोवर हार्ड डिस्क काढून केसिंगमध्ये घातली, श्रीलिपी या मराठी टंकांच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते लावल्याशिवाय ते चालत नाही) भाच्याच्या लॅपटॉपला लावलं आणि जेवणाच्या टेबलावर अंक पुरे केले. पुढच्या जुलैत मी सुटे भाग आणून माझा संगणक स्वतः जोडला.

म्हणून मी सगळ्यांना जोडायला सांगत असेन असं समजू नका. दोन्हीकडचे चटके मी खाल्लेत. मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: बंद पडला तर धावणार कोण?

पैसे खरंच वाचतात का?

माझं २०२३चं बिल असं होतं: एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर साडेअकरा हजार, बी५५० मदरबोर्ड नऊ हजार, १६ जीबीच्या दोन रॅम मिळून साडेपाच हजार, फायली साठवायला १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी साडेचार हजार, ५५० वॉटचा एसएमपीएस चार हजार, कॅबिनेट तीन हजार. झाले साडेसदतीस हजार. तशाच ताकदीचा तयार संगणक तेव्हा मला पंचावन्न हजारांना सांगितला होता. भाचा म्हणाला, "मावशी, साडेसतरा हजार वाचले!"

नाही वाचले. तयार संगणकात अधिकृत विंडोज आलेली असते. ती वेगळी घ्यायची तर तेव्हा दहा हजारांच्या आसपास जायचे. म्हणजे खरी बचत साडेसात हजार, आणि त्यासाठी गल्लीच्या तीन फेऱ्या आणि एक अख्खा रविवार. चोरीची विंडोज टाकून "स्वस्तात पडलं" म्हणणाऱ्यांचा हिशेब मी धरत नाही. गिऱ्हाइकांच्या फायली ज्या मशीनवर असतात, तिथे मला तो खेळ नको.

वर रॅमचा भाव एका जागी राहत नाही. २०२५च्या शेवटच्या तिमाहीत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची इतकी मागणी केली की किरकोळ बाजारात रॅम भडकली. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर ३ डिसेंबर २०२५ रोजी क्रुशिअल या नावानं होणारी आपली किरकोळ विक्रीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत जुन्या भावातला तयार संगणक दुकानात पडून असेल, तर तो सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकतो. त्यामुळे ज्या आठवड्यात घ्यायचाय, त्याच आठवड्यात दोन्ही बेरजा मांडा. माझा २०२३चा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

मी कुणाला काय सांगितलं

वरच्या मजल्यावरचे काका आयकर-जीएसटीची कामं करतात. टॅली, ब्राउझर आणि एक्सेल, संपलं. ते म्हणाले, "तू जोडलास ना, मलाही दे जोडून." मी साफ नाही म्हटलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्न भरताना त्यांचा संगणक रुसला, तर ते जिना उतरून माझ्याकडे येणार. त्यांना मी तयारच घ्यायला लावला: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, तीन वर्षांची घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी आणि जीएसटी क्रमांक घातलेलं बिल. १८ टक्क्यांचं क्रेडिट जोडलेल्या संगणकावरही मिळतंच, पण तिथे सहा दुकानांची सहा बिलं सांभाळायची. इथे एकच.

भाच्याची गोष्ट वेगळी. तो आर्किटेक्चरला आहे. दिवसा त्रिमितीय मॉडेलं, रात्री गेम. त्याला ग्राफिक्स कार्ड हवंच होतं, पण पैसे एकदम नव्हते. त्यानं चांगला मदरबोर्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस आधी घेतला आणि कार्ड आठ महिन्यांनी घातलं. बारीक बांध्याच्या तयार डब्यात हे जमलं नसतं. तिथला एसएमपीएस नेमका तेवढ्यापुरता असतो आणि मोठं कार्ड आत मावतही नाही.

यादी कशी करायची

प्रोसेसरपासून सुरुवात करा आणि त्याचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची तो बसायची जागा, पाहा. इंटेलची १२वी, १३वी आणि १४वी पिढी एलजीए१७०० सॉकेटात बसते. २०२४च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१ लागतं. एएमडीचं जुनं सॉकेट एएम४, २०२२पासूनचं एएम५. आज नवीन जोडणार असाल तर माझ्यासारखं एएम४ घेऊ नका. हाताशी जुनी डीडीआर४ रॅम असेल तरच त्याचा विचार करा. एएम५ला डीडीआर५च लागते. डीडीआर४ आणि डीडीआर५ची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचं अक्षर नीट वाचा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घातल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या ५००० मालिकेत जी असेल तरच ग्राफिक्स मिळतं. थोडे पैसे वाचले म्हणून एफवाला घेऊन घरी काळ्या पडद्याकडे बघत बसलेला माणूस मी पाहिलाय.

रॅम एक मोठी घेण्यापेक्षा दोन सारख्या घ्या. दोन वाटांनी माहिती जाते आणि प्रोसेसरातल्याच ग्राफिक्सवर काम करणाऱ्याला तो फरक डोळ्यांनी दिसतो. मदरबोर्डाचा आकार कॅबिनेटात मावतो का, ग्राफिक्स कार्डाची लांबी पुरते का, हेही पाहून घ्या.

आणि एसएमपीएस. कॅबिनेटाच्या रंगीत दिव्यांवर चार हजार घालवून एसएमपीएस "कॅबिनेटबरोबर येतो तोच चालेल" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. तो फुकटचा डबा हातात घ्या, वजनावरूनच कळेल. ८० प्लस ब्रॉन्झ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल किती टिकेल ते सांगत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षंही पाहा. पाच वर्षांची वॉरंटी देणारा घ्या.

गल्लीत

तपकीर गल्लीत दुचाकी नेऊ नका. आता मंडईला मेट्रो उतरते, तिथून चालत जा. शनिवारी संध्याकाळी तर अजिबात नको. दुकानदाराला तेव्हा बोलायला वेळ नसतो आणि तुम्हाला निवडायला.

यादी कागदावर लिहून न्या, कंपनी आणि पूर्ण मॉडेल क्रमांकासकट. "पाचशे पन्नास वॉटचा एसएमपीएस" एवढंच लिहिलंत तर दुकानात जो उरलाय तो मिळेल. तीन ठिकाणी कोटेशन घ्या, पण प्रत्येक वस्तू जिथे स्वस्त तिथून घेण्याचा मोह आवरा. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकाच दुकानातून घ्या. नाहीतर संगणक सुरू झाला नाही की मदरबोर्डवाला रॅमवाल्याकडे बोट दाखवतो, रॅमवाला मदरबोर्डवाल्याकडे.

बिल पक्कं घ्या आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या. मदरबोर्ड प्रोसेसरपेक्षा जुन्या साठ्यातला असेल तर बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणारा मदरबोर्डातला प्रोग्राम, दुकानातच अपडेट करून मागा. त्या दुकानाकडे ते पाच मिनिटांचं काम असतं. तुमच्याकडे चालेल असा जुना प्रोसेसर नसेल आणि बोर्डाला बायोस भरायचं वेगळं बटणही नसेल, तर घरी ते होणारच नाही.

यादी तुमची, पार्ट दुकानातले आणि जोडून देणार दुकानदार, ही मधली वाट पुष्कळांना सोयीची पडते. जोडणावळ द्या, खुशीनं द्या. फक्त सगळी रिकामी खोकी मागून आणा.

जोडणी

जेवणाचं टेबल मोकळं करा. सुती कपडे घाला. सिंथेटिक साडीनं हिवाळ्यात चटचट ठिणग्या उडतात, त्या चिपला सोसत नाहीत. अधूनमधून कॅबिनेटाच्या धातूला हात लावत राहा. जुन्या घरात राहत असाल तर आधी वायरमनला बोलवून अर्थिंग पाहून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर तो दोष आधी काढा. संगणकाच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या बहुधा यामुळेच.

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा आणि शक्य तेवढं बाहेरच जोडा.

एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटावरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा, तो आपल्या वजनानं बसतो. दाबायचं नाही. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना मदरबोर्डावर असतात, तिथे सॉकेटात बोट किंवा पदर लागू देऊ नका. सॉकेटाच्या कडेची पट्टी खाली दाबताना त्यावरचं काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडतं. ते टाकून देऊ नका, मदरबोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर ते मागतात.

रॅमच्या चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. दोन्ही बाजूंनी टक् आवाज होईपर्यंत दाबा. इथे मात्र जोर लागतो आणि नवखा माणूस नेमका इथेच घाबरतो. एनव्हीएमई एसएसडी तिरपी घालून आडवी करायची आणि तिचा तो मुगाएवढा स्क्रू लावायचा. तो स्क्रू मदरबोर्डाच्या खोक्यात बारक्या पुडीत असतो. उघडताक्षणी वाटीत काढून ठेवा.

आता पंखा. ५६००जीबरोबर येणारा पंखा चार स्क्रूंवर बसतो. त्यासाठी मदरबोर्डावरची प्लास्टिकची दोन कंगोरेदार पट्ट्यांची जोडी आधी काढावी लागते. मी ती काढली आणि मदरबोर्डाखालून धातूची पाटी धप्पकन टेबलावर पडली. मला वाटलं, मोडलं काहीतरी! मोडलं काहीच नव्हतं. ती पाटी त्याच स्क्रूंनी धरलेली असते, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं. स्क्रू काढताना दुसरा हात खालून लावा. पंखा बसवताना चारही स्क्रू थोडे थोडे, कोपऱ्याविरुद्ध कोपरा असे आवळा. सोबतच्या पंख्याला पेस्ट लावलेलीच येते, वर आणखी लावू नका. वेगळा पंखा असेल तर वाटाण्याएवढी पुरे. एएम४चा पंखा पुढे कधी काढायचा झालाच तर मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग पंखा हलके पिळून उचला. सरळ ओढलात तर प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो.

कॅबिनेटात मागची पत्र्याची जाळीदार पट्टी आधी बसवा, मग पितळी बुटके खांब मदरबोर्डाच्या भोकांशी जुळतात का पाहा, मग मदरबोर्ड. एसएमपीएसचा २४ पिनांचा जाड कनेक्टर उजवीकडे, ८ पिनांचा वर डावीकडे. हा दुसरा लोक विसरतात. त्याच्यासारखाच दिसणारा ग्राफिक्स कार्डाचाही असतो, म्हणून प्लास्टिकवर कोरलेली सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ही अक्षरं वाचूनच लावा. सुट्या तारांचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या तारा त्याला लावू नका. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते.

शेवटी पुढच्या बटणाच्या त्या केसाएवढ्या तारा. मदरबोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवा, चष्मा लावा आणि मोबाइलचा टॉर्च कुणाला तरी धरायला सांगा. माझ्या घरात या कामाला सासूबाई होत्या. "अगं, एवढ्याशा तारांना एवढी मोठी पेटी?" हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

पडदा काळाच राहिला तर

डीडीआर५ असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड रॅमची ओळख करून घेतो, त्यात काही मिनिटं जातात आणि पडद्यावर काहीही येत नाही. घाबरून बटण दाबलंत की पुन्हा पहिल्यापासून.

तरी नाही आला तर पुढचं पाहा. मॉनिटरची केबल बरोबर जागी आहे का (कार्ड घातलं असेल तर कार्डाला, नाहीतर मदरबोर्डाला), ८ पिनांचा कनेक्टर लागलाय का, रॅम पुरती बसलीय का. मग वीज बंद करून एकच रॅम ठेवून पाहा. पुष्कळ मदरबोर्डांवर चार बारके दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट असे. जो पेटून राहील तिथे शोधा. काहीच हालचाल नसेल तर पुढच्या बटणावरचा संशय फेडून घ्या. त्या बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की संगणक सुरू व्हायला हवा.

सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सोय) चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम घेऊन ती २६६६वर किंवा त्याहून हळू चालवत बसाल. विंडोज ११ बसवताना इंटरनेट मागते आणि तिला तुमच्या मदरबोर्डाचं नेटवर्क ओळखू येत नाही असं होतं. म्हणून ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्या, किंवा मोबाइल यूएसबीनं जोडून त्याचं नेट वापरून पाहा.

यूपीएस विसरू नका. मी एकदा विसरले, त्याची गोष्ट वर आलीच आहे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. माझ्यासारख्या विनाकार्डाच्या संगणकाला आणि मॉनिटरला तो पुरून उरतो. भाच्याला मोठा घ्यावा लागला.

तयारच घ्यायचा असेल तर

मालिकेच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली दहा वेगवेगळी मशीनं असतात. पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि विचारा: रॅमची दुसरी खाच मोकळी आहे का, एसएमपीएस किती वॉटचा आणि नेहमीच्या आकाराचा आहे का, दुसरी एसएसडी बसेल का. शेवटच्या दोन प्रश्नांना "नाही" उत्तर आलं तरी काकांसारख्यांना बिघडत नाही. पण कळून घ्यावं, न कळता नको. पडद्यातच सगळं कोंबलेला ऑल-इन-वन मी कुणाला सुचवत नाही. त्याचा पडदा गेला की सगळंच गेलं.

कार्यालयांतून निघालेले जुने संगणक स्वस्तात मिळतात आणि त्यांतले काही खरंच दणकट असतात. पण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा माल आता दुकानांत ढिगानं दिसतो. "एकदम नवीन कंडिशन" म्हणतील. पिढी विचारा.

जोडलेल्या मशीनचंही रडगाणं सांगते, म्हणजे फिट्टंफाट. ऑगस्ट २०२४मध्ये कोरल हे मांडणीचं सॉफ्टवेअर आपोआप बंद व्हायला लागलं, मग निळा पडदा. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून झोपले. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. दोन्ही रॅम एकेक करून तपासल्या, दोष एकीतच निघाला. ती डिस्ट्रिब्यूटरच्या सेंटरवर दिली, बदलून यायला एकोणीस दिवस लागले. २०२२च्या अकरा दिवसांपेक्षा आठ जास्त. पण ते एकोणीस दिवस मी उरलेल्या १६ जीबीवर काम करत होते आणि त्या वर्षीचा अंक वेळेत छपाईला गेला. कोणती रॅम गेली हे शोधायला मात्र घरी कुणी येत नाही. ते मलाच करावं लागलं.

माझ्या कॅबिनेटाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. प्रत्येक भागाचं नाव, सीरियल नंबर, दुकान आणि वॉरंटी संपायचा महिना. एसएमपीएससमोर जुलै २०२८ लिहिलंय. खोकी माळ्यावर आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जायला निघतात. रॅमचा तो बोटाएवढा प्लास्टिकचा डबा मी आजवर दोनदा रद्दीच्या पोत्यातून परत काढलाय. आता त्यावर मार्करनं लिहून ठेवलंय: "टाकायचा नाही. विचारायचंही नाही."